डिपेंडन्सीची दृश्यता आणि बिल्ड टूल्सचा परस्परमेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधणारी मेव्हन, ग्रेडल, बेझेल ही बिल्ड टूल्स आणि त्यांचे भाऊबंद यांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न संकल्पनेचे आहेत. पुढचे मुरलेल्या लोकांनाही चकवणारे आहेत. बहुतेक उदाहरणे जावाच्या परिसरातली आहेत, कारण तेथे एकाच भांडारातली (रिपॉझिटरीतली) तीच लायब्ररी अनेक टूल्स आपापल्या पद्धतीने वाचतात आणि घोटाळ्याला सर्वाधिक वाव तेथेच मिळतो. इतर भाषांत काम करणाऱ्यांनी प्रश्न १६ पासून सुरुवात केली तरी चालेल.

१. डिपेंडन्सीची ‘दृश्यता’ म्हणजे नेमके काय? लायब्ररी एकतर जोडलेली असते किंवा नसते, असे नाही का?

तसे नाही. डिपेंडन्सी म्हणजे आपले कोड जिच्यावर अवलंबून असते ती लायब्ररी. एखादी लायब्ररी जोडली असे आपण म्हणतो, तेव्हा दोन स्वतंत्र प्रश्नांची उत्तरे एकाच वेळी देत असतो. पहिला प्रश्न काळाचा आहे : ती लायब्ररी कंपाइल करताना हवी आहे, चालवताना हवी आहे, की दोन्ही वेळी? दुसरा प्रश्न माणसांचा आहे : ती फक्त माझ्या कोडला दिसावी, की माझी लायब्ररी वापरणाऱ्यालाही आपोआप दिसावी? डेटाबेसचा ड्रायव्हर चालवताना लागतो, पण कंपाइल करताना त्यातील एकही क्लास आपण नावाने वापरत नाही. याउलट सर्व्हलेटची एपीआय कंपाइल करताना हवी असते, पण चालवताना ती सर्व्हरच पुरवतो. लायब्ररीच्या मागून येणाऱ्या लायब्ररीला, म्हणजे ट्रान्झिटिव्ह डिपेंडन्सीला, हे दोन्ही प्रश्न पुन्हा लागू होतात, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ तेथेच सापडते.

२. सगळे सगळ्यांना दिसू दिले तर बिघडते काय? लपवण्याचा खटाटोप कशासाठी?

समजा, तुमच्या लायब्ररीने आतल्या आत एक जेसन पार्सर वापरला आहे आणि तो वापरकर्त्यांच्या कंपाइल क्लासपाथवर, म्हणजे कंपाइलर क्लास जेथे शोधतो त्या यादीत, दिसतो आहे. त्यांच्यापैकी कोणीतरी एडिटरने सुचवलेले नाव स्वीकारून त्या पार्सरचा क्लास थेट इम्पोर्ट करणार, हे जवळजवळ ठरलेले आहे. पुढे तुम्ही तो पार्सर बदलला, तर तुमच्या सार्वजनिक एपीआयची एकही ओळ बदललेली नसताना त्यांचे बिल्ड मोडते आणि दोष तुमच्या माथी येतो. दुसरा तोटा वेळेचा आहे. कंपाइल क्लासपाथवरील वस्तूचा सार्वजनिक चेहरा बदलला की तिच्यावर अवलंबून असलेली मॉड्यूल्स पुन्हा कंपाइल करावी लागतात. जे दिसतच नाही, त्याच्या बदलाने ती हलत नाहीत. शेकडो मॉड्यूल्सच्या प्रकल्पात हा फरक रोज जाणवतो.

३. मेव्हनचे स्कोप आणि ग्रेडलची कॉन्फिगरेशन्स यांची जोडी कशी लावायची?

डिपेंडन्सी केव्हा आणि कोणाला दिसावी, हे मेव्हनमध्ये ‘स्कोप’ने आणि ग्रेडलमध्ये ‘कॉन्फिगरेशन’ने लिहितात. एकास एक अशी जोडी लागत नाही, हे आधी मान्य केले म्हणजे पुढचा मनस्ताप वाचतो. ग्रेडलचे ‘एपीआय’ हे मेव्हनच्या ‘कंपाइल’ स्कोपच्या सर्वांत जवळचे आहे, कारण दोन्हींत लायब्ररी मला दिसते आणि माझ्या वापरकर्त्यालाही दिसते. ‘रनटाइमओन्ली’ आणि मेव्हनचा ‘रनटाइम’ स्कोप हे एकमेकांशी नीट जुळतात. ‘कंपाइलओन्ली’ हे ‘प्रोव्हायडेड’सारखे वाटते, पण मेव्हनचा ‘प्रोव्हायडेड’ चाचण्या चालवतानाही क्लासपाथवर असतो आणि ग्रेडलचे ‘कंपाइलओन्ली’ नसते. मेव्हनमधून ग्रेडलकडे आलेल्या प्रकल्पांच्या चाचण्या याच कारणाने एकाएकी पडू लागतात. शिवाय ‘कंपाइलओन्ली’मध्ये लिहिलेले प्रकाशित पोममध्ये, म्हणजे लायब्ररीचे वर्णन करणाऱ्या मेव्हनच्या फाइलमध्ये, उतरतच नाही.

राहिले ‘इम्प्लिमेंटेशन’. ते मला कंपाइल करताना दिसते, माझ्या वापरकर्त्याला मात्र फक्त चालवताना मिळते. मेव्हनमध्ये याला जोडीदारच नाही. त्याचे परिणाम प्रश्न ६ आणि ७ मध्ये पाहावेत.

४. ‘एपीआय’ वापरावे की ‘इम्प्लिमेंटेशन’, हे कसे ठरवावे?

आपल्या सार्वजनिक सह्यांकडे (सिग्नेचर), म्हणजे क्लास आणि मेथड यांच्या बाहेर दिसणाऱ्या घोषणांकडे, पाहून. परक्या लायब्ररीतला प्रकार आपल्या सार्वजनिक क्लासचा पालक असेल, इंटरफेस असेल, सार्वजनिक किंवा संरक्षित मेथडचा पॅरामीटर, परतावा किंवा जाहीर केलेले एक्सेप्शन असेल, जेनेरिकच्या कोनी कंसात येत असेल अथवा सार्वजनिक फील्डचा प्रकार असेल, तर ती लायब्ररी ‘एपीआय’मध्ये जाते. तो प्रकार केवळ मेथडच्या पोटात, खासगी सदस्यांत किंवा बाहेर न दिसणाऱ्या क्लासमध्ये वापरला असेल, तर ‘इम्प्लिमेंटेशन’. शंका असेल तेव्हा ‘इम्प्लिमेंटेशन’पासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे, नंतर दार उघडणे सोपे असते, पण उघडलेले दार बंद केले की कोणाचे तरी बिल्ड मोडतेच.

‘एपीआय’ हे कॉन्फिगरेशन ‘जावा-लायब्ररी’ प्लगइन लावल्याशिवाय उपलब्ध होत नाही. साधे ‘जावा’ प्लगइन लावलेल्या प्रकल्पात ते सापडत नसेल, तर कारण एवढेच आहे.

५. जुन्या बिल्ड फाइलमधील ‘कंपाइल’ सरसकट ‘इम्प्लिमेंटेशन’ केले आणि शेजारचे मॉड्यूल कंपाइल होईनासे झाले. आता काय करावे?

जुने ‘कंपाइल’ सगळे काही पुढे झिरपू देत असे. ‘एपीआय’ आणि ‘इम्प्लिमेंटेशन’ ही विभागणी ग्रेडल ३.४ मध्ये, २०१७ साली आली आणि ग्रेडल ७.० मध्ये ‘कंपाइल’ काढूनच टाकले गेले. त्यामुळे अनेकांनी शोधा-आणि-बदला चालवले, आणि शेजारचे मॉड्यूल आजवर कोणाच्या जिवावर जगत होते ते उघड झाले.

येथे घाईने सगळे ‘एपीआय’ करणे म्हणजे जुनीच गळती नव्या नावाने सुरू ठेवणे होय. पडलेल्या मॉड्यूलमध्ये कोणता इम्पोर्ट सापडत नाही ते पाहावे. तो प्रकार पुरवठादार मॉड्यूलच्या सार्वजनिक सह्यांत येत असेल, तर तेथे ‘एपीआय’ करणे योग्य आहे. येत नसेल, तर ती लायब्ररी पडलेल्या मॉड्यूलनेच स्वतःच्या यादीत नोंदवावी. जे मी नावाने वापरतो, ते मीच जाहीर करतो, हा नियम पाळला की पुढच्या निम्म्या प्रश्नांची गरज राहत नाही.

६. ग्रेडलने प्रकाशित केलेली लायब्ररी मेव्हन प्रकल्पात घेतली, तर ‘पॅकेज अस्तित्वात नाही’ असे कंपाइलर म्हणतो. जार (लायब्ररीची तयार फाइल) तर डाउनलोड झालेला दिसतो. हा दोष कोणाचा?

बहुधा कोणाचाच नाही. प्रकाशित करताना ग्रेडल ‘एपीआय’मधील डिपेंडन्सी पोममध्ये ‘कंपाइल’ स्कोपने लिहितो आणि ‘इम्प्लिमेंटेशन’मधील ‘रनटाइम’ स्कोपने. मेव्हन हे वाचतो, जार उतरवतो, चालवताना क्लासपाथवर ठेवतो, पण कंपाइल करताना ठेवत नाही. लेखकाने ती बाब अंतर्गत ठरवली आहे आणि तुमचे कोड तिचा थेट वापर करते आहे. तुमच्या पोममध्ये ती लायब्ररी स्वतंत्रपणे नोंदवावी. लेखकाकडे ‘एपीआय’ करण्याची विनंती करायची, ती त्याच्या सार्वजनिक सह्यांत तो प्रकार खरोखर आला असेल तरच.

उलट दिशेचा प्रवासही लक्षात ठेवावा. मेव्हनने प्रकाशित केलेल्या पोममधील ‘रनटाइम’ स्कोपच्या डिपेंडन्सी ग्रेडल ५.० पासून कंपाइल क्लासपाथवर येत नाहीत. त्याआधी येत असत. फार जुन्या ग्रेडलवरून उडी मारताना ‘अचानक’ नाहीसे झालेले क्लास बहुधा यामुळेच नाहीसे झालेले असतात.

७. मग मेव्हनमध्ये ‘मला दिसो, माझ्या वापरकर्त्याला न दिसो’ असे म्हणता येतच नाही का?

स्कोपच्या भाषेत नाही. ‘रनटाइम’ लिहिले तर मलाच कंपाइल करताना दिसत नाही, आणि ‘प्रोव्हायडेड’ किंवा ‘ऑप्शनल’ लिहिले तर वापरकर्त्याला चालवतानाही मिळत नाही. दोन पर्याय अर्धवट काम करतात. एक, मेव्हनची ‘डिपेंडन्सी:अॅनलाइझ’ ही आज्ञा. वापरलेल्या पण न नोंदवलेल्या, तसेच नोंदवलेल्या पण न वापरलेल्या डिपेंडन्सी ती दाखवते आणि बिल्ड अडवण्यासही सांगता येते. ती बाइटकोड (कंपाइल झालेले कोड) वाचते, त्यामुळे रिफ्लेक्शनने, म्हणजे चालताना नावावरून क्लास शोधून, वापरलेल्या लायब्ररी किंवा कंपाइलरने थेट मूल्य उचललेले स्थिरांक तिला दिसत नाहीत; म्हणून तिचा ‘न वापरलेली’ हा शेरा डोळे मिटून मानू नये. दुसरा पर्याय जावा ९ ची मॉड्यूल व्यवस्था. तेथे ‘रिक्वायर्स’ आणि ‘रिक्वायर्स ट्रान्झिटिव्ह’ हा भेद भाषेच्याच पातळीवर आहे, मात्र वापरकर्त्याचे कोडही मॉड्यूल म्हणून कंपाइल होत असले पाहिजे.

८. पोम असताना ग्रेडल आणखी एक ‘मॉड्यूल’ फाइल कशासाठी प्रकाशित करतो? ती काढून टाकली तर चालेल का?

पोमचा आराखडा मेव्हनच्या कल्पनांभोवती बेतलेला आहे. त्या कल्पनांच्या पलीकडचे काही त्यात लिहिता येत नाही. एकाच लायब्ररीचे वेगवेगळ्या परिस्थितींसाठीचे प्रकार, ‘ही आवृत्ती नकोच’ अशी सक्ती, दोन लायब्ररी एकच काम करतात ही माहिती, आवृत्ती निवडण्यामागचे कारण, या सगळ्यांसाठी ग्रेडलने जेसन स्वरूपातील स्वतःचा मेटाडेटा तयार केला. ग्रेडल ६.० पासून तो आपोआप प्रकाशित होतो. पोममध्ये एका कॉमेंटच्या रूपाने खूण ठेवलेली असते. ग्रेडल ती वाचतो आणि पोम बाजूला ठेवून मॉड्यूल फाइलकडे वळतो. मेव्हनला ही फाइल दिसतच नाही.

म्हणजे एकाच लायब्ररीची दोन वर्णने भांडारात शेजारी शेजारी राहतात. गुआव्हा या जावा लायब्ररीचे उदाहरण बोलके आहे. तिच्या आवृत्त्या ‘जेआरई’ आणि ‘अँड्रॉइड’ अशा दोन शेपट्यांनी निघतात, आणि दोन्हींत सरशी ठरवताना टूल्स अक्षरक्रमाकडे पाहत, ज्याचा प्लॅटफॉर्मशी काहीएक संबंध नाही. ३२.१.० पासून गुआव्हा मॉड्यूल मेटाडेटाही देते, त्यामुळे ग्रेडल प्रकल्पाला त्याच्या परिस्थितीला साजेसा जार मिळतो. मेव्हन प्रकल्पाने शेपटी स्वतः तपासलेली बरी.

फाइल काढता येते, पण पोममधील खूणही तिच्यासोबत गेली पाहिजे. फाइल भांडारात आहे, पण एखाद्या प्रक्रियेने पोम नव्याने लिहिल्यामुळे खूण पुसली गेली आहे, अशा वेळी सर्व काही चालते आणि तरीही चुकीचे चालते. तो दोष शोधणे सर्वांत जिकिरीचे असते.

९. डिपेंडन्सीची यादी तीच आहे, तरी मेव्हन आणि ग्रेडल वेगवेगळ्या आवृत्त्या का निवडतात?

कारण वाद मिटवण्याचे त्यांचे नियमच वेगळे आहेत. समजा, तुमचा प्रकल्प ‘अ’ आणि ‘ब’ या लायब्ररी वापरतो. ‘अ’ला ‘क’ची १.२ ही आवृत्ती हवी आहे. ‘ब’ला ‘ड’ हवी आहे आणि ‘ड’ला ‘क’ची १.९. मेव्हन जवळच्याचे ऐकतो : १.२ दोन पायऱ्यांवर आहे, १.९ तीन पायऱ्यांवर, म्हणून १.२ ठरते. ग्रेडल सर्वांत वरची आवृत्ती घेतो, म्हणून १.९ ठरते. मेव्हनच्या निवडीत ‘ड’ने १.९ मध्ये आलेली मेथड बोलावली की चालताना ‘नोसचमेथडएरर’ येतो. ग्रेडलच्या निवडीत, १.९ मध्ये एखादी जुनी मेथड काढलेली असेल तर तोच एरर ‘अ’च्या बाजूने येतो. कोणताही नियम शहाणा नाही. दोन्ही केवळ ठरावीक आहेत.

मेव्हनच्या नियमाला आणखी एक कंगोरा आहे. अंतर सारखे असेल, तर पोममध्ये आधी लिहिलेल्याची सरशी होते. यादी अक्षरक्रमाने लावून ‘नीटनेटकी’ केली आणि उत्पादन पडले, असे होण्याचे कारण हेच.

थेट नोंदीच्या बाबतीतही फरक आहे. तुम्ही स्वतः ‘क’ १.२ असे लिहिले, तर मेव्हन ते अंतिम मानतो, कारण त्याहून जवळचे काहीच नसते. ग्रेडलमध्ये साधी नोंद म्हणजे ‘किमान एवढे’. दुसऱ्या कोणी १.९ मागितले तर तुमची नोंद मागे पडते. खाली खेचायचेच असेल तर ‘स्ट्रिक्टली’ लिहावे लागते.

एसबीटी (स्काला भाषेचे बिल्ड टूल) १.३.० पासून कोर्सियर (डिपेंडन्सी सोडवणारे साधन) वापरतो आणि सामान्यतः वरची आवृत्ती घेतो. गो आणि बेझेलची मॉड्यूल व्यवस्था मागितलेल्या किमान आवृत्त्यांपैकी सर्वांत मोठी घेतात, भांडारात त्याहून नवी असली तरी तिकडे ढुंकून पाहत नाहीत.

दोन्ही टूल्सकडून सारखे उत्तर हवे असेल, तर मेव्हनमध्ये एन्फोर्सर प्लगइनचा ‘रिक्वायरअपरबाउंडडेप्स’ हा नियम लावावा. निवडलेली आवृत्ती कोणाच्याही मागणीहून खालची असेल, तर तो बिल्ड थांबवतो. कोणामुळे कोणती आवृत्ती आली हे पाहण्यासाठी मेव्हनमध्ये ‘डिपेंडन्सी:ट्री’ आणि ग्रेडलमध्ये ‘डिपेंडन्सीइनसाइट’ आहे.

१०. आवृत्तीचे अंक अक्षरशः सारखे लिहिले, तरी अर्थ बदलू शकतो का?

बदलतो. मेव्हनच्या लेखी १.१ आणि १.१.० एकच आहेत, कारण शेवटची शून्ये तो गाळतो. ग्रेडलच्या लेखी १.१.० ही १.१ पेक्षा मोठी आहे. त्याहून जाचक फरक मर्यादांचा आहे. ‘[१.०, २.०)’ या मर्यादेत मेव्हन २.० ची स्नॅपशॉट किंवा अल्फा (अजून पूर्ण न झालेली) आवृत्ती बसवू शकतो, कारण ती क्रमाने २.० च्या अलीकडे आहे. ग्रेडल मात्र वरची वगळलेली मर्यादा उपसर्गासारखी वाचतो आणि २.० ने सुरू होणारे सगळेच वगळतो. ‘१.+’ हे लेखन आयव्ही (डिपेंडन्सी आणणारे आणखी एक टूल) आणि ग्रेडलचे आहे; पोममध्ये ते लिहिण्यात अर्थ नाही. प्रकाशित होणाऱ्या लायब्ररीत मर्यादा टाळून नेमकी आवृत्तीच लिहावी, असे मला वाटते.

११. बीओएम दोन्ही टूल्समध्ये सारखाच लागू होतो का?

बीओएम म्हणजे अनेक लायब्ररींच्या आवृत्त्या एका जागी नोंदवणारी फाइल. फाइल तीच असते, तिचा अधिकार वेगळा असतो. मेव्हनमध्ये बीओएम ‘डिपेंडन्सीमॅनेजमेंट’ विभागात ‘इम्पोर्ट’ स्कोपने आणला की त्यातील आवृत्ती ट्रान्झिटिव्ह डिपेंडन्सीवरही बंधनकारक होते, मग ती मागणीपेक्षा खालची असली तरी. ग्रेडलमध्ये तोच बीओएम ‘प्लॅटफॉर्म’ म्हणून घेतला, तर त्याच्या नोंदी इतर मागण्यांच्या पंक्तीला बसतात आणि प्रश्न ९ मधील नियमाप्रमाणे वरची आवृत्ती जिंकते. मेव्हनसारखी सक्ती हवी असेल तर ‘एन्फोर्स्डप्लॅटफॉर्म’ आहे. तो अंतिम अॅप्लिकेशनपुरता ठेवावा. प्रकाशित होणाऱ्या लायब्ररीत घातला तर ती सक्ती प्रत्येक वापरकर्त्याच्या गळ्यात पडते.

१२. मेव्हन मुकाट्याने घेतो ती लायब्ररी ग्रेडल ‘जुळणारा व्हेरियंट नाही’ म्हणून नाकारतो. असे का?

ग्रेडलच्या मॉड्यूल फाइलमध्ये लायब्ररीचा व्हेरियंट (प्रकार) किमान कोणत्या जेव्हीएमसाठी, म्हणजे जावाच्या कोणत्या आवृत्तीसाठी, बांधला आहे, ते नोंदलेले असते. तुमचा प्रकल्प जावा ८ साठी कंपाइल होत असेल आणि लायब्ररी जावा १७ साठी असेल, तर ग्रेडल डिपेंडन्सी सोडवतानाच थांबतो. मेव्हनला ती नोंद ठाऊक नसल्यामुळे तो जार घेतो आणि मग कंपाइलर क्लास फाइलची आवृत्ती ६१ आहे, ५२ हवी होती, अशी तक्रार करतो. आजार एकच; एक डॉक्टर दारातच सांगतो, दुसरा तपासणीनंतर. स्प्रिंग बूट ३ चे ग्रेडल प्लगइन जावा १७ च्या खालच्या जेव्हीएमवर चालणाऱ्या ग्रेडलला हेच उत्तर देते, आणि तेथे प्रकल्पाची नव्हे, तर खुद्द ग्रेडल ज्यावर चालतो त्या जावाची आवृत्ती वाढवावी लागते.

१३. एक डिपेंडन्सी वगळली, तरी ती क्लासपाथवर येतच राहते. वगळणे काम का करत नाही?

वगळणे हे वाटेपुरते असते. ‘अ’मधून येणारी ‘क’ वगळली आणि ‘ब’मधूनही ती येत असेल, तर ती ‘ब’च्या वाटेने येणारच, हे दोन्ही टूल्सना लागू आहे. सर्व वाटा शोधून काढाव्यात किंवा ग्रेडलमध्ये संपूर्ण कॉन्फिगरेशनवर वगळण्याचा नियम लावावा. केवळ आवृत्ती नको म्हणून वगळत असाल, तर तो मार्गच चुकीचा आहे. त्यासाठी प्रश्न ९ आणि ११ पाहावेत.

१४. क्लासपाथवर एकच क्लास दोनदा दिसतो, पण आवृत्त्यांचा कोणताही वाद टूल दाखवत नाही. हे कसे शक्य आहे?

टूल लायब्ररीला तिच्या ग्रुप आणि नावाने ओळखते, आतल्या क्लासवरून नव्हे. एएसएम ही लायब्ररी पूर्वी ‘एएसएम’ या ग्रुपखाली येत असे, नंतर ‘ओआरजी.ओडब्ल्यू२.एएसएम’खाली येऊ लागली. बाउन्सी कॅसल या लायब्ररीच्या जारच्या नावातच जेडीकेची (जावाच्या विकाससंचाची) खूण असते आणि ती खूण बदलली की नाव बदलते. पॅकेज तेच, नाव वेगळे, म्हणून टूलच्या दृष्टीने या दोन अनोळखी लायब्ररी आहेत आणि दोन्ही आत येतात. मग कोणता क्लास लोड होईल, हे क्लासपाथवरील क्रमावर सोडलेले असते. ग्रेडलमध्ये ‘केपेबिलिटी’ जाहीर करून या दोघी एकच काम करतात, असे सांगता येते. त्यानंतर वाद उघडपणे समोर येतो. मेव्हनमध्ये जुने नाव सर्व वाटांवर वगळण्याला पर्याय नाही, आणि तेथे प्रश्न १३ मधील सूचना लागू पडते.

१५. बेझेलमधील ‘व्हिजिबिलिटी’ म्हणजे हीच दृश्यता का?

नाही, आणि नावसाधर्म्यामुळे फार गोंधळ होतो. बेझेलची ‘व्हिजिबिलिटी’ ही परवानगी आहे : कोणत्या पॅकेजने या टार्गेटवर (बांधायच्या घटकावर) अवलंबून राहावे, हे पुरवठादार ठरवतो. या पानावर ज्या दृश्यतेची चर्चा आहे, तिचे काम बेझेलमध्ये ‘डेप्स’, ‘एक्स्पोर्ट्स’ आणि ‘रनटाइम डेप्स’ करतात. जावाच्या नियमांत कंपाइलर केवळ थेट नोंदवलेल्या डेप्समधील आणि त्यांनी ‘एक्स्पोर्ट्स’ने पुढे दिलेले प्रकार वापरू देतो. म्हणजे प्रश्न ५ च्या शेवटी सांगितलेला नियम येथे शिफारस नसून सक्ती आहे. मेव्हनचा प्रकल्प बेझेलवर नेताना पहिले काही दिवस नुसत्या नोंदी वाढवण्यात जातात, ते यामुळेच.

१६. आमचे काम जावाचे नाही. सी++ किंवा जावास्क्रिप्टमध्ये हे प्रश्न येतात का?

येतात, रूप बदलते. सी++ साठीच्या सीमेकमध्ये ‘पब्लिक’, ‘प्रायव्हेट’ आणि ‘इंटरफेस’ हे तीन शब्द आहेत. ‘पब्लिक’ हे ‘एपीआय’सारखे, ‘प्रायव्हेट’ हे ‘इम्प्लिमेंटेशन’सारखे (प्रश्न ३ पाहावा), आणि ‘इंटरफेस’ म्हणजे मला नको, पण माझ्या वापरकर्त्याला हवे. हेडर फाइलमध्ये परकी हेडर समाविष्ट केली असेल तर ‘पब्लिक’, फक्त मूळ फाइलमध्ये असेल तर ‘प्रायव्हेट’. येथला चकवा स्थिर लायब्ररीचा आहे. तिची ‘प्रायव्हेट’ डिपेंडन्सी तिच्या आत सामावली जात नाही, ती अंतिम लिंकच्या वेळी लागतेच. म्हणून ‘प्रायव्हेट’ लिहूनही वापरकर्त्याच्या संगणकावर ती लायब्ररी सापडली पाहिजे, आणि पॅकेजच्या कॉन्फिग फाइलमध्ये ती शोधण्याची ओळ लिहावी लागते. पीकेजी-कॉन्फिगमध्ये ‘रिक्वायर्स.प्रायव्हेट’ आणि ‘स्टॅटिक’ हा पर्याय याच अडचणीसाठी आहेत.

जावास्क्रिप्टची पॅकेजेस आणणाऱ्या एनपीएमने तिसऱ्या आवृत्तीपासून ‘नोड मॉड्यूल्स’ची फोल्डर्स शक्य तितकी सपाट केली. त्यामुळे ‘पॅकेज.जेसन’मध्ये न नोंदवलेले पॅकेजही इम्पोर्ट होते, आणि एखाद्या दिवशी मांडणी बदलली की होत नाही. त्याच कामाचे दुसरे टूल, पीएनपीएम, थेट नोंदवलेलीच पॅकेजेस प्रकल्पाच्या समोर ठेवतो. एनपीएमवर वर्षानुवर्षे चालणारा प्रकल्प पीएनपीएमवर पडला, तर पीएनपीएमला दोष देण्याआधी आपली यादी तपासावी.

रस्टच्या कार्गोने वेगळी वाट धरली आहे. सेमव्हरनुसार (आवृत्तीचे अंक देण्याच्या संकेतानुसार) न जुळणाऱ्या दोन आवृत्त्या तो एकाच बायनरीत सुखाने नांदू देतो. मात्र त्या दोन आवृत्त्यांतील समान नावाचे प्रकार कंपाइलरच्या दृष्टीने भिन्न असतात, आणि एकाने दिलेले मूल्य दुसऱ्याला चालत नाही.

१७. अॅनोटेशन प्रोसेसर डिपेंडन्सीच्या यादीत आहे, तरी चालत नाही.

अॅनोटेशन प्रोसेसर म्हणजे कंपाइल होताना कोडमधील खुणा (अॅनोटेशन) वाचून काम करणारे साधन. ग्रेडल ५.० पासून प्रोसेसर कंपाइल क्लासपाथवरून उचलला जात नाही; तो ‘अॅनोटेशनप्रोसेसर’ या स्वतंत्र कॉन्फिगरेशनमध्ये नोंदवावा लागतो. मेव्हनमध्ये तो क्लासपाथवरून चालत आला आहे, पण जेडीके २३ पासून कंपाइलरने हे आपोआप शोधणे बंद केले. तेथे कंपाइलर प्लगइनमध्ये प्रोसेसरचा मार्ग स्पष्ट लिहावा.

१८. माझ्या संगणकावर बिल्ड होते, सर्व्हरवर होत नाही. ग्रेडलमध्ये ‘मेव्हनलोकल’ लिहिलेले आहे.

तेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे. घरच्या फोल्डरमधील ते स्थान मेव्हनसाठी डाउनलोड साठवण्याची आणि स्वतः बांधलेले ठेवण्याची अशी दुहेरी जागा आहे. त्यात कधीतरी हाताने टाकलेला जार, अर्धवट उतरलेली लायब्ररी किंवा केवळ पोम असू शकतो, आणि ग्रेडलला ते खरे भांडार वाटते. दोन प्रकल्प एकत्र चाचणीसाठी जोडायचे असतील, तर ग्रेडलचा ‘कंपोझिट बिल्ड’ वापरावा. ‘मेव्हनलोकल’ टाळता येत नसेल, तर निदान कोणत्या ग्रुपसाठी ते पाहायचे, याची मर्यादा घालावी.

१९. आम्ही डिपेंडन्सी शेड करून एकाच जारमध्ये भरली. आता दृश्यतेचा प्रश्न संपला ना?

तीन गोष्टी तपासल्या तर संपला. पहिली, प्रकाशित पोममधून ती डिपेंडन्सी निघाली आहे का? मेव्हनचे शेड प्लगइन त्यासाठी कमी केलेला पोम स्वतंत्र फाइलमध्ये तयार करते. तो प्रकाशित झाला नाही, तर वापरकर्त्याला भरलेली प्रत आणि मूळ जार दोन्ही मिळतात. दुसरी, पॅकेजचे नाव बदलले आहे का? नुसते भरले आणि नाव तेच ठेवले, तर प्रश्न १४ मधील दुहेरी क्लासची अवस्था ओढवते, आणि या खेपेस वगळायला काहीही हाती नसते, कारण तो क्लास तुमच्याच जारमध्ये आहे. तिसरी बाब सर्वांत सहज निसटते : शेड केलेल्या लायब्ररीतला प्रकार तुमच्या एखाद्या सार्वजनिक मेथडच्या सहीत आहे का? असेल, तर नाव बदलताना ती सहीसुद्धा बदलते. वापरकर्ता मूळ लायब्ररीतली वस्तू तुमच्या मेथडला देऊ पाहतो आणि कंपाइलर ती नाकारतो, कारण आता ती मेथड बदललेल्या नावाच्या प्रकाराची अपेक्षा करते. अशी लायब्ररी शेड करू नये. प्रश्न ४ च्या कसोटीने तिची जागा ‘एपीआय’मध्येच आहे.